सहाव्या खुर्चीचं मत

आत्यासाठी वृद्धाश्रम बघायला निघालो, तेव्हा भीती एवढीच होती की ती हाही नापास करणार. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. एका ठिकाणचा संचालक फार गोड बोलतो, दुसरीकडे म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवायला लावतात, तिसरीकडे पडदे गुलाबी. इकडे गॅस चालू ठेवून झोपण्याचा प्रकार तिने दोनदा केला होता. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. माझ्याकडे न्यावं तर तीन जिने चढायचे, आणि तिच्या गुडघ्यांना उंबरठाही जड. आईवडिलांच्या माघारी मला तीच एक उरली होती. अवेळी फोन वाजला की मी उचलण्याआधी चपला शोधायचो.

हे चौथं घर अगदी छोटं, झाडांच्या मागे दडलेलं. दुपार होती, पण आभाळ इतकं भरून आलं होतं की आत दिवे लावले होते. फिनेलचा आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. चालवणाऱ्या बाई कुजबुजत बोलत होत्या, घरात कुणी नुकतंच झोपलं असावं तशा. त्यांनी खोली दाखवली. आत्याने गादी दाबली, नळ सोडला, न्हाणीघरातले धरायचे दांडे हलवून पाहिले. पलंगाखाली धूळ शोधली. ती मिळाली नाही तेव्हा बिचारीचा चेहरा पडला.

"चालेल," ती म्हणाली. माझा कानांवर विश्वास बसेना.

"तुम्हाला चालेल हो," बाई हळूच म्हणाल्या, "पण इथं राहणारी मंडळी ठरवतात. चहाच्या वेळी मत घेतो आम्ही. पसंत असेल तर कपावर चमचा एकदा वाजवायचा, नसेल तर दोनदा. एकाचा जरी नकार आला तरी... नाही. ही खोली वर्षभर रिकामीच आहे."

"म्हणजे माझी परीक्षा?" आत्याने पदर खोचला.

टेबलाभोवती पाच जण बसले होते. सहावी खुर्ची रिकामी होती, पण तिच्यासमोरही चहा ओतलेला होता आणि त्याची वाफ निघत होती. कुणीतरी हात धुवायला गेलं असेल, असं मी धरून चाललो.

"घोरता का?" जाड चष्म्याच्या आजींनी विचारलं.

"घोरते. तुम्ही?"

"पत्ते येतात?" टक्कल पडलेले एक आजोबा.

"जिंकता येतात."

"दुसऱ्यांच्या दुखण्यांच्या गोष्टी ऐकून घ्याल?"

"मुळीच नाही."

मंडळी खूश झाली. तेवढ्यात वीज गेली. पंखा कुरकुरत थांबला आणि त्या खोलीत एकमेकांचे नुसते आकार उरले. कुणी हललं नाही, कुणी मेणबत्ती मागितली नाही. जणू याचीच वाट पाहत होते.

टण्... टण्... टण्... एकेकाचा चमचा वाजत टेबलाभोवती फिरला. पाच झाले. मी सुटकेचा श्वास घेतला, तो अर्धाच राहिला.

रिकाम्या खुर्चीसमोरच्या कपावर चमचा वाजला. थोडं थांबून पुन्हा वाजला.

"दरवेळी असंच," बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "हे घर त्यांचंच. गेले ते... म्हणजे, तसे गेले नाहीत."

आत्याला धरून बाहेर पळावं असं मनात आलं, पण आत्या जागेवर होतीच कुठं? ती टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली होती.

"नाव नाही, कारण नाही, नुसतं टणटण?" तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. "बाईंशी बसून बोलतात का? उभं राहा आधी!"

अंधारात खुर्चीचे पाय फरशीवर करकरले... आणि खुर्ची हळूहळू मागे सरकली.

"आता सांगा. काय अडचण आहे?"

डांबरगोळ्यांचा वास तेवढा एकदम दाट झाला.

"नाही ना सांगता येत? मग बसा. पुन्हा वाजवा."

खुर्ची पुढे आली. टण्. एकदाच, आणि तोही अगदी दबकत.

वीज आली तेव्हा मंडळी आनंदाने डोळे पुसत होती, आणि आत्या गार चहाबद्दल तक्रार करत होती. तिथून तिला घरी न्यायला मी किती विनवण्या केल्या! "आत्या, अगं काय होतं ते, पाहिलंस ना?" ती म्हणाली, "पाहिलं की. शिस्त नव्हती. लागेल हळूहळू." त्याच आठवड्यात ती राहायला गेली. खरं सांगतो, मला भीती वाटत होती आणि शांत झोपही लागत होती. दोन्ही एकाच वेळी.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज इतका खुशीत मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"तू तिकडे एकटा असतोस, माझा जीव थाऱ्यावर नसतो रे. म्हणून आज तुझ्यासाठी मत घेतलं. सगळ्यांनी होकार दिला. त्या सहाव्या खुर्चीवाल्याने तर सगळ्यांच्या आधी!"

"आत्या, अगं मी चाळिशीतला माणूस. मला कशाला वृद्धाश्रम?"

"हो, वयाचं राहिलंच विचारायचं. थांब." तिने फोनवर हात ठेवला. पलीकडे ती कुणाशी तरी बोलली. उत्तर मला ऐकू आलं नाही, तिला मात्र आलं असावं, कारण ती "बरं, बरं" म्हणाली.

मग तिने हात काढला.

"काही अडचण नाही," आत्या म्हणाली. "तो म्हणतो, त्याचंही वय तेवढंच आहे."