परतीचं कडवं

अकोल्याच्या त्या शाळेत सातवीला कविता पाठ करायची नसे, तिच्यात जाऊन यायचं असे. कपाळाला मनपट्टी बांधायची, कथाकाव्यातलं एक पात्र निवडायचं, की पट्टी मेंदूतल्या ‘मी’च्या जागी ते पात्र बसवी. पोरांना काय, गंमतच! खाष्ट सासू व्हायला तर मुलगे भांडत.

पट्टी बनवणाऱ्या डॉ. विभावरी खोब्रागडेंनी बोरगावकर बाईंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बाई, पात्र चढवणं सोपं, उतरवणं अवघड. मूल मुळात ज्या पात्राच्या बाजूचं असेल, त्या पात्राचं कडवं मुलानं शेवटी म्हणायचं. पट्टी सोडायच्या आधीच; एकदा सुटली, की मग म्हणून उपयोग नाही. ते परतीचं कडवं. त्यावरून मेंदूला आपली जागा सापडते.”

“आणि राहून गेलं तर?”

“राहू द्यायचं नाही.”

जुई काळमेघची आई तीन वर्षं चंद्रावरच्या वसाहतीत डॉक्टर होती. दर रविवारी तिचा फोन येई आणि जुई तोंड फिरवून बसे. बाईंचा जीव तुटायचा. म्हणून त्यांनी मुद्दाम खाडीपलीकडे मिठागरात कामाला जाणाऱ्या आईची कविता काढली. जुई अर्थातच काठावर राहिलेल्या लेकीच्या बाजूची होती:

“नाव तुझी गं दूर गेली,
हाक माझी पाण्यात मेली.”

बाईंनी तिला आई व्हायला लावलं. नाव हलली तशी जुई ढसाढसा रडली. “मागं वळून पाहिलं असतं, तर पाऊलच निघालं नसतं माझं,” ती पुटपुटली. मग तिचा चेहरा असा निवला, की ते रुसव्याचं कडवं पुन्हा तिच्या तोंडी द्यायचं बाईंच्या जिवावर आलं. कशाला मेलं ते, लेकरू आत्ता कुठं शांत झालंय! त्यांनी पट्टी सोडली.

रविवारी जुईनं बाईंना घरी बोलावलं. पडद्यावर आई दिसली आणि जुईच आधी बोलली.

“वेळेवर जेवतेस ना? गेलीस ते बरोबरच केलंस. मनाला लावून घेऊ नकोस.”

आईचा चेहरा फुलला. ती डोळे पुसत म्हणाली, “तुला माझी आठवण येते का गं?”

“त्या पोरीला येते ना, फार येते,” जुई म्हणाली. “उभी असते बिचारी काठावर. होईल हळूहळू सवय.”

घाईघाईनं बाईंनी पर्समधली पट्टी काढून जुईच्या कपाळाला बांधली. “जुई, बाळा, ते कडवं म्हण. नाव तुझी गं...”

जुईनं म्हटलं. एकही शब्द न चुकता, अगदी सुरेख. “छान लिहिलंय हो बाई,” ती कौतुकानं म्हणाली. “लहान मुलांचं मन किती नेमकं पकडलंय!”

बाईंनी पट्टी सोडून घेतली. तिकडे आईलाही काय ते कळलं असावं.

“जुई, माझ्यावर रुस ना गं,” ती रडत म्हणाली. “पूर्वीसारखं तोंड फिरव. एकदाच.”

जुईनं पडद्यावरच्या तिच्या गालावरून हात फिरवला.

“वेडी कुठली,” ती मायेनं म्हणाली. “असं रडू नये.”