आईच्या ऑर्किडची वाटणी

“झाडाला पाणी दिलंस का गं, तेजू? मुकं आहे ते, मागायचं नाही!”

लालबागच्या चाळीत आईची ही हाक यायची, नळाच्या धारेतून, शेजारणींच्या कलकलाटातून वाट काढत... तेजस्वीच्या कानांत ती अजून होती. चाळ पडली, तिथं टॉवर उभा राहिला. नवं घर मिळालं, पण त्या घरात आईला एक पावसाळासुद्धा मिळाला नाही. उरली तेजस्वी, आणि आईचं ते जांभळ्या फुलांचं ऑर्किड.

म्हणून तेजस्वी त्याला पाणी द्यायची. सकाळी द्यायची, कामावरून आल्यावर द्यायची. आईसारखंच, तांदूळ धुतलेलं. चाळीच्या गॅलरीत ते पाणी वाऱ्यानं सुकून जायचं. इथं बंद काचांच्या बाल्कनीत ते कुंडीतच मुरत राहिलं. झाड कुंडीबाहेर वेडंवाकडं पसरलं, मुळं काळी पडली, फूल येईनासं झालं.

शेवटी एका रविवारी ती त्याला पिशवीत घालून नर्सरीत निघाली. परळच्या बसस्टॉपवर मागे कुणीतरी खाकरलं.

“मॅडम... ढेकूण आहेत.”

तेजस्वीनं दचकून ओढणी झटकली. “कुठे?”

“तुमच्यावर नाही हो! झाडावर. पिठ्या ढेकूण. पानाखाली कापूस चिकटल्यासारखं दिसतंय ना, ते.”

सावळा, उंच मुलगा. हसू दाबत होता, पण ते डोळ्यांतून सांडत होतं.

“मला वाटलं धूळ आहे.”

“करता काय तुम्ही?”

“लॅबमध्ये असते. मायक्रोस्कोपवर.”

“अरे देवा!” तो म्हणाला, आणि मग दोघंही हसली. किती दिवसांनी हसलो आपण, असं तिला वाटून गेलं.

त्याचं नाव स्वरूप. माहीमच्या कोळीवाड्यातला. एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा, आणि ऑर्किडचं त्याला वेड. त्यानं पिशवीत वाकून बघितलं.

“एका खोलीत दोन बिऱ्हाडं कोंबलीत तुम्ही. वाटणी करावी लागेल.”

“कापायचं?” तिनं कुंडी छातीशी धरली. “आईचं आहे ते.”

“मग विचारा त्यांना. घरी वाट बघत असतील ना?”

‘नाही’ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता... पण त्यामागे ते रिकामं घर उभं होतं.

“हो,” ती म्हणाली.

त्या एका ‘हो’नं त्या रिकाम्या घरात दिवा लागल्यासारखं झालं. आणि मग तो विझवायचा तिला धीर होईना.

पुढच्या रविवारी ती झाड घेऊन माहीमला, स्वरूपच्या घरी गेली. अंगणात जाळी सुकत होती, खाडीचा खारा वारा सुटला होता. दोरीवर टांगलेल्या जुन्या जाळ्यांच्या झोळ्यांत स्वरूपची ऑर्किडं झुलत होती.

“आई काय म्हणाल्या?”

“म्हणाली... जपून काप.”

तिनं लॅबमधलं ब्लेड आणलं होतं, स्पिरिटही. कापसाचा बोळा भिजवून दोघांनी पान न् पान पुसलं. त्याचा हात तिच्या हाताला लागला, आणि दोघंही एकच पान जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

“ते स्वच्छ झालंय,” ती म्हणाली.

“माहितेय,” तो म्हणाला.

मग त्यानं मुळं उलगडली. पोकळ, कुजलेली काढून टाकली. पांढरी, घट्ट तेवढी ठेवली. “आता तू काप.” तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. ब्लेड कांडातून गेलं तेव्हा कर्रकन आवाज झाला, आणि तिनं डोळे मिटून घेतले. कापल्या जागी स्वरूपनं हळूच हळद दाबली, जखमेला दाबावी तशी. एक वाटा त्यानं नारळाच्या सोडणात बसवून जाळ्यात बांधला. दुसरा तिच्या कुंडीत.

“आता आठवडाभर पाणी नाही. थेंबसुद्धा नाही.”

“मरेल ते!”

“पाण्यानंच मरत होतं, तेजस्वी.”

आतून त्याची आई, शांतीताई, पदराला हात पुसत आली. “कोन रे ही, स्वरूप? आणि झाड बांधतोस का गाठ मारतोस रे?” मग तिनं तेजस्वीच्या हातात एक डबा दिला. “कोलंबी हाय. आयला सांग, कालवन करून दोघी खा.”

दोघींचं ते कालवण तेजस्वीनं एकटीनं, ओट्याशी उभं राहून खाल्लं.

‘आईंना आवडली?’ स्वरूपचा मेसेज आला.

‘खूप,’ तिनं लिहिलं. आणि मग बराच वेळ तो एक शब्द बघत राहिली.

तो आठवडा कठीण गेला. कुंडीजवळ जायची, तांब्या हातात घ्यायची, परत ठेवायची. पुढे महिना सरला, दुसरा सरला. मेसेज येत गेले, ‘आई बऱ्या आहेत ना?’, आणि तिची उत्तरं लहान लहान होत गेली. तो घरी यायचं म्हणाला की आईला बरं नसायचं.

एका सकाळी कांडाच्या बुडाशी हिरवा टपोरा कोंब दिसला. आनंदानं तिनं फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं... ‘आज येतोच बघायला. आणि आईंशी बोलायचंय.’

संध्याकाळी तो दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. “पापलेट. आयनं खास त्यांच्यासाठी—” तो चपला काढू लागला.

तेजस्वी दारातून हलली नाही.

“झोपल्यात का?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! तो पुन्हा हसला असता, परत गेला असता... आणि आपण पुन्हा ओट्याशी उभं राहून जेवलो असतो.

“आई नाही, स्वरूप. तू भेटलास, त्याच्या आधीच गेली.”

तो बघतच राहिला. “मग... ती कोळंबी?”

“मीच खाल्ली.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर ती खरंच गेली असती.”

लिफ्ट आली, रिकामीच गेली. स्वरूपनं पिशवी हळूच खाली ठेवली. “मी आज त्यांना विचारायला आलो होतो, की तुमची मुलगी—”

“थांब. आधी मी.” तिनं खाली ठेवलेली पिशवी उचलली. “मला एक मुलगा आवडलाय. कधीपासून कुणाला तरी सांगायचंय... घरात सांगायला कुणी नाही. म्हणून तुलाच सांगते.”