वर्षलोप

विद्यापीठाच्या शिस्त समितीने निलंबनाची शिक्षा बंद केली त्याला नऊ वर्षे झाली होती. कॉपी करणाऱ्याला वर्षभर घरी बसवले तर तो आणखी बिघडतो, असा समितीचा अनुभव. म्हणून 'वर्षलोप' आला. वर्ष वाया जाणे म्हणजे आता खरोखरच जाणे.

आठवण पक्की होते तेव्हा मेंदूतल्या पेशींच्या जोडांवर एक प्रथिन साचते. दर जूनमध्ये विद्यार्थ्याला लस टोचत, तिच्यामुळे त्या वर्षीच्या प्रथिनावर खूण बसे. गुन्हा घडला की तेवढेच प्रथिन विरघळवायचे. विद्यार्थी कोरा होऊन पुन्हा त्याच वर्गात बसे. जे आठवत नाही त्यावरून कुणी हिणवू नये, म्हणून गुन्ह्याची नोंदही नष्ट करत. समितीला या दयाळूपणाचा फार अभिमान होता.

समितीच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. अश्लेषा खानोलकर यांच्यासमोर विश्वंभर ढवळे बसले होते. बार्शीच्या शाळेत चित्रकला शिकवणारा, हळू बोलणारा माणूस. त्यांची मुलगी मृदुला बाहेरच्या बाकावर होती.

"पालकांची संमती लागते," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरू नका. पहिलाच गुन्हा आहे."

"तिसरा आहे, मॅडम."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिले. तिथे अर्थातच काही नव्हते.

"पहिल्या वर्षी कॉपी केली ती खरीच. त्याच वर्षी ऑगस्टात तिची आई गेली होती. तुम्ही वर्ष पुसलंत, त्यात तेही पुसलं गेलं. घरी आली अन् म्हणाली, आई कुठंय? मलाच सांगावं लागलं."

"पण मग दुसऱ्या वर्षी तिला ते माहीत होतं."

"माहीत होतं म्हणून तर! हुशार पोर आहे, तिला कॉपीची गरज काय? चिठ्ठ्या सरळ पर्यवेक्षकाच्या टेबलावर ठेवल्या. पुन्हा पुसलं, पुन्हा मी सांगितलं. औंदाही तेच."

डॉक्टरांना कळले. लोप होताच नवी लस दिली जाई, त्यामुळे वडिलांनी सांगितलेली बातमी दरवेळी नव्या वर्षाच्या खात्यात पडत होती. पुसता येण्याजोगी.

"सही करू नका," त्या म्हणाल्या. "तिचं नाव पटावरून कमी होईल, पण ती या दुःखातून बाहेर येईल. माणसं येतात."

"मीही तेच ठरवून आलो होतो. बाहेर तिला म्हणालो, बाळा, का करतेस असं? तर म्हणाली, बाबा, पुसल्यावर जाग येईल तेव्हा आई असेल ना?" त्यांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिले. "मागच्या खेपेला इथून बार्शीपर्यंत चार तास ती आईबद्दलच बडबडत होती. आईला हे सांगीन, ते दाखवीन. मी हूं हूं करत होतो. मॅडम, ते चार तास..."

खिशातून पेन काढून त्यांनी संमतीपत्रावर नीट, वळणदार सही केली.

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला. ढवळे उठले नाहीत.

"एक विचारू? या लशीची पालकांसाठी काही सोय आहे? ती गेली हे मी विसरणार नाही, पण पोरीला पुन्हा सांगावं लागेल ते तरी पुसलं जाईल."

"नाही. नियम फक्त विद्यार्थ्यांना लागू आहे."

"बरं," ढवळे म्हणाले. "मग पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला वयाची अट काय आहे?"

डॉक्टरांनी प्रवेशाची नियमावली उघडून पाहिली. अट नव्हती.