शुक्रवारची पाहुणी

लोडशेडिंगच्या अंधारात मी मैत्रिणीचा जिना सोडून भलताच जिना चढले. वर दार सताड उघडं, आत दिवे तेवत होते... आणि दारातला मुलगा हसून म्हणाला, "या ना, तुमचीच वाट बघत होतो."

"मला ओळखता?"

"नाही. ओळख जेवणानंतर विचारायची, अशी आत्याची शिस्त आहे."

रास्ता पेठेत अनोळखी माणसाला थेट जेवायला बसवतात? मी गोंधळून समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले – आणि टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघू लागले. खुर्ची कोमट होती. तिथून नुकतंच कुणीतरी उठलं असावं.

"ती आमच्या प्रेषितांची, एलियाहू नबींची जागा," भिंतीवरच्या पांढऱ्या दाढीच्या तसबिरीकडे बघत मिल्काआत्या हळूच म्हणाल्या. "रिकामीच ठेवतो आम्ही. पण बस तू. पाहुण्याला उठवत नाहीत."

अंगावर काटा आला. तरीही मी दर शुक्रवारी संध्याकाळी, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, सुरू होताना ऑफिसमधून तिथेच जाऊ लागले. मनुकांचं सरबत ओतताना एझ्राची, दारातल्या त्या मुलाची, बोटं माझ्या बोटांना लागायची...

"आमच्याकडे खडकीला कधी येणार?" मी एकदा त्याला विचारलं.

"येईन. जेवणार मात्र नाही. आम्ही बाहेरचं शिजवलेलं खात नाही."

"मग येऊन करणार काय?"

"तुला बघणार."

आत्यांनी ते ऐकलं. "निकिता, जेवायला जन्मभर ये," त्या म्हणाल्या, "पण सून आमच्या बेने इस्राएलांतलीच हवी गं. पुण्यात उरलोय किती आम्ही?" त्यांचे डोळे भरले होते. रागवावं तरी कुणावर? मी उठले. एझ्राही उठला.

शब्बाथला तो गाडीला हात लावत नाही. आम्ही चालतच खडकीला निघालो. संगम पुलावर मागे पावलं वाजली. थांबलो की थांबायची. वळून पाहिलं – पूल रिकामा. मी त्याचा हात घट्ट धरला.

आमच्या क्वार्टरच्या दारात आई उभीच होती.

"आलात? ते आजोबा कुठे गेले?"

"कोण आजोबा?"

"पांढऱ्या दाढीचे. आत्ताच सांगून गेले – पोरं येतायत, मुलगा शिजवलेलं खाणार नाही, फळं काढून ठेवा."

ताटात केळी आणि चिकू होते. एझ्राचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पुटपुटत प्रार्थना म्हटली, एक केळं सोललं, अर्धं मला दिलं.

"निकिता, माझं ठरलं. लग्न करीन तर तुझ्याशीच."

"आणि आत्या?"

"चिडेल... खूप रडेल," तो म्हणाला. "आणि मग तुझ्या आईला जेवायला बोलवेल."