वेगळा ठेवलेला वाटा

मी आयुष्यभर खोटं लिहून पोट भरलं.

एका दैनिकात रविवारचं विनोदी सदर चालवत होतो. त्यातली माणसं खोटी, प्रसंग खोटे, वर छापलेला माझा फोटोदेखील ऐन तारुण्यातला. वाचकांनी कधी तक्रार केली नाही.

पुढची हकिकत मात्र खरी आहे. वाचून कुणी हसू नये, एवढीच विनंती. आजवर नेमकी उलटी विनंती करत आलो.

साल दोन हजार दोन. जानेवारीतल्या पौर्णिमेची संध्याकाळ. ठिकाण कळंब, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचं समुद्राकाठचं गाव.

तिथे सुरूच्या बनामागे दिनानाथचं छोटं घर होतं. दिनानाथ माझा कॉलेजपासूनचा मित्र. नोकरी सोडली आणि समुद्र बघायला तिथे जाऊन राहिला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हुशार आहे.

मी आणि माझी बायको विनया नायगावला राहतो, खाडीजवळच्या फ्लॅटमध्ये. तिथे त्याचा फोन आला.

"या की दोन दिवस. समुद्र बघा, मासे खा."

आवाज जरा ओला वाटला... मी म्हटलं, खाऱ्या हवेनं सर्दी झाली असेल.

दारातच तो म्हणाला, "या वहिनी. ह्याला कशाला आणलंत?"

हा त्याचा जुना विनोद. मी दर वेळी हसायचो. व्यवसायबंधू म्हणून. त्या दिवशी हसता आलं नाही, कारण सकाळीच दाढ काढली होती.

"म्हणजे मासे खाणार नाहीस?" त्यानं विचारलं.

"मऊ भात आणि ताक. डॉक्टरांचा हुकूम."

त्याचा चेहरा पडला. माझ्या दाढेचं इतकं दुःख मलाही झालं नव्हतं.

मग माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं...

दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळलेली.

"विहिरीच्या दोरानं सोललं," तो म्हणाला.

त्याच्या विहिरीला पंप होता.

ओहोटी होती. आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. जाळं ओढून झालं होतं. ओल्या वाळूवर माशांचे वाटे मांडले होते. ज्यानं दोर ओढला त्याला एक वाटा, उरलेलं विकायला, असा तिथला हिशेब.

एक वाटा लांब ठेवला होता. अगदी पाण्याच्या अंगाला. सगळ्यांत मोठं पापलेट त्यातच.

त्याच्याकडे कुणी जात नव्हतं.

कावळेसुद्धा... त्याला वळसा घालून चालत होते.

दिनानाथ सरळ तिकडेच गेला. सत्यवती नावाची मासेवाली जवळ बसली होती. तिनं भाव सांगितला नाही. ह्यानं विचारला नाही. मासळीबाजाराच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी घडला असेल असं मला वाटत नाही.

ती आमच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "पाव्हनं तुमचंच हाय ना, भाऊ?"

"आपलंच आहे," दिनानाथ म्हणाला.

"मंग बरं."

तिनं पदर डोळ्यांना लावला. वारा होता, वाळू गेली असेल.

रांधलं सगळं दिनानाथनं. फडकी बांधलेल्या हातांनी. विनया मदतीला उठली तर तिला बसवलं. "वहिनी, तुम्ही कशाला हात लावायचा नाही."

पानं मांडली. मला मऊ भात. विनयापाशी येऊन तो थांबला.

"वहिनी, तुम्हीपण आज भात-ताकच..."

"वा. दाढ ह्यांची गेली आणि उपाशी मी?" तिनं ताट पुढे केलं. "वाढा, भावजी. एवढ्या लांबून काय समुद्राचा वास घ्यायला आले?"

त्यानं तुकडी उचलली, परत ठेवली. पण वाढलं. पोटाकडची तुकडी. तिला तीच आवडते.

"आणि तुम्ही?" तिनं विचारलं.

"माझी आज संकष्टी."

बाहेर माडांमागून पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. संकष्टी पौर्णिमेनंतर येते, हे मलाही ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या उपासात तोंड घालायची आपल्यात रीत नाही.

जेवून ओटीवर बसलो. भरती लागली होती.

तेवढ्यात पाण्याकडून आवाज आला...

"होऽऽ..."

दोर ओढताना घालतात तशी साद. एकाच माणसाची.

मग काहीच नाही. साद घालणारा उत्तरासाठी थांबावा, तसं.

पुन्हा... "होऽऽ..."

किनाऱ्यावर लख्ख चांदणं होतं. माणूस नव्हता.

विनया मला नारळाच्या वड्यांबद्दल सांगत होती. "पाक कच्चा राहिला ना, की वड्या... हय्या... पडत नाहीत."

"काय म्हणालीस?"

"पडत नाहीत."

"त्याच्या आधी?"

"पाक कच्चा राहिला की. ऐकत कुठे असता तुम्ही."

दिनानाथ हातांची फडकी सोडत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आज झोप लागेल," तो म्हणाला.

सकाळी विनयाच्या तळव्यांवर लाल वळ होते. साडीचा काठ ओला. अंथरुणात वाळू.

"रात्रभर काहीतरी ओढत होते," ती म्हणाली. "स्वप्नात."

आम्ही त्याच दिवशी नायगावला परतलो. भूत गावाची वेस ओलांडत नाही, असं मी ऐकून होतो. पण नायगावला खाडी आहे. आणि खाडीला भरती येते.

सगळ्या भुतांना मध्यरात्र लागते, हेही मी ऐकून होतो. हे भूत भरतीच्या वेळेवर चालायचं. कधी भर दुपारी, कधी पहाटे. खाडीकडून साद यायची... आणि विनया जिथे असेल तिथून उत्तर द्यायची. भाजीवाल्याला म्हणाली, "अर्धा किलो... हय्या... वाल द्या." त्यानं वाल दिले. मुंबईच्या आसपास लोक फार विचारत बसत नाहीत.

तळवे सोलत गेले. डॉक्टर म्हणाले, साबण बदला. साबण बदलला.

एका दुपारी मी उठलो तर ती घरात नव्हती.

दार उघडं. चपला दारातच...

खाडीच्या चिखलात गुडघाभर पाण्यात उभी होती. डोळे मिटलेले. दोन्ही हातांनी काहीतरी ओढत होती. हातांत काही नव्हतं. मी तिला मागे खेचलं, तर माझ्या अंगात नाही एवढा जोर पलीकडून लागला. कसाबसा तिचा पाय चिखलातून सुटला.

दुसऱ्या दिवशी मी एकटा कळंबला गेलो.

दिनानाथ ओटीवर संत्रं सोलत बसला होता. तळवे तान्ह्या मुलासारखे.

मी काही बोलायच्या आधी त्यानं विचारलं, "पाण्यात गेल्या का?"

"गुडघाभर."

"मी कमरेएवढ्या पाण्यात जागा झालो, तेव्हा तुला फोन केला."

मग त्यानं सांगितलं. बळीराम नावाचा एकजण इथे दोर ओढताना लाटेत गेला. जोडीदारानं ऐन वेळी हात सोडला म्हणतात. त्याचा वाटा गाव अजून काढतं आणि भरतीत सोडतं. दिनानाथ गावात नवा होता. मोठं पापलेट दिसलं, उचललं. कुणी अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं, शिकलेला आहे, मानत नसेल.

"वाटा खाल्ला की दोर ओढायचा," तो म्हणाला. "हा इथला कायदा. मेला म्हणून बदलत नाही."

"आणि तू तो माझ्या गळ्यात घालणार होतास."

"तोच वाटा आपल्या हातानं रांधायचा आणि आपल्या माणसाला वाढायचा. तरच सुटतं. परक्याला जात नाही. मी पंपवाल्याला वाढून बघितलं, पोस्टमनला वाढून बघितलं. ढेकर देऊन गेले. आपलंच माणूस लागतं. मला तूच एक."

मी शिवी तयार ठेवली होती. पण समोरचा 'तूच एक' म्हणाला की पंचाईत होते.

"वहिनींना जाईल असं वाटलं नव्हतं," तो संत्र्याकडे बघत म्हणाला. "पण गेलं."

मी घरी येऊन विनयाला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. दुखऱ्या बोटांच्या टोकांनी.

"परक्याला जात नाही, असं म्हणाले?"

"हो."

तिनं पुढची पाकळी घेतली. ती सोललेली होती. तरी सोलत राहिली.

त्यानंतर एक दिवस ती गिरीजला केळी आणायला जाते म्हणून गेली. परत आली तेव्हा पिशवीत केळी नव्हती. चपलांना समुद्राची वाळू होती.

संध्याकाळी हाक आली, "अहो, जेवायला या."

पानात पापलेट. पोटाकडची तुकडी.

"आणि तू?"

"माझी आज संकष्टी."

आदल्याच आठवड्यात आम्ही दोघं गच्चीवर उपाशीपोटी चंद्र उगवायची वाट बघत उभे होतो.

राग आला नाही, असं नाही. पण आम्हाला मूलबाळ नाही. उमेदवार मी एकटाच. शिवाय तिचे तळवे मी रोज बांधत होतो. मी जेवलो. काटासुद्धा चोखला. वर पुन्हा भात मागितला.

खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपण हिचे कोण, हे आज समजणार होतं. मी ताठ बसलो.

खाडीकडून साद आली...

"होऽऽ..."

मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

पुन्हा साद. मी जोर लावला. नुसती ढेकर आली.

"हय्या," विनया म्हणाली.

तिनं ताटं उचलली. मी हात धुतले. बराच वेळ धूत राहिलो.

मला माहीत असताना मी जेवलो, म्हणून गेलं नसेल. उपासाचं खोटं पकडलं म्हणून असेल. मी अशी कारणं शोधत होतो, तेवढ्यात तिनं फोन उचलला.

"भावजी, उद्या संध्याकाळी जेवायला या."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"हो," ती म्हणाली. "मासेच आहेत."

फ्रीजमध्ये अर्धं पापलेट शिल्लक होतं. अर्धं का ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही.

दिनानाथ आला. पानात काय पडणार हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी नवा शर्ट घालून आला. दार मी उघडलं. या वेळी जुना विनोद त्यानं केला नाही.

विनयानं वाढलं. तो सावकाश जेवला. मी समोर ताक पीत बसलो. माझी दाढ तोवर बरी झाली होती.

साद आली... "होऽऽ..."

"हय्या," दिनानाथ म्हणाला.

अगदी स्पष्ट. पहिल्याच हाकेला.

विनयानं डोळे मिटून घेतले. दिनानाथ ताटाकडे बघत राहिला. मी आणखी ताक मागितलं. कुणीतरी काहीतरी मागायला हवं होतं.

तो त्याच संध्याकाळी कळंबला परत गेला. जाताना विनयाला म्हणाला, "हाताला खोबरेल लावत जा." तिला तो अगं-तुगं करतो, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं माझ्यासमोर 'वहिनी, तुम्ही' चालायचं.

तिचे तळवे भरून आले. आता वळही दिसत नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर सत्यवतीचा निरोप आला. "भाऊचं घर सताड उघडं हाय. चपला पान्याजवल हायत." शोधाशोध झाली. तो सापडला नाही. दुसऱ्या कुणाला जेवायला त्यानं बोलावलं नव्हतं.

मी विनयाला काही विचारलेलं नाही. तिनं काही सांगितलेलं नाही. आमचं बरं चाललं आहे. संकष्टी मात्र आमच्या घरात आता कुणी करत नाही.

फक्त भरती लागली की खाडीकडून साद येते. आणि आता तिला उत्तर येतं. खाडीकडूनच. ओळखीच्या आवाजात.

कधी कधी त्या उत्तराला उशीर होतो...

तेव्हा स्वयंपाकघरातली विळी थांबते.

मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलेला असतो. पान उलटत नाही.

मग उत्तर येतं. विळी पुन्हा चालू होते.