या एकदा आमच्याकडे

ही घडलेली गोष्ट आहे. मला ती नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण माझे मेहुणे पुरुषोत्तमराव खोटं बोलणारे नाहीत, एवढं खात्रीनं सांगतो.

ते आणि माझी धाकटी बहीण वीणा अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत राहतात. गेल्या ऑक्टोबरात दोघं इटलीतल्या जिनोआला गेले होते. जुनं बंदर, आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा, बंदराकडे उतरणाऱ्या गल्ल्या. राहायच्या जागी लिफ्ट नव्हती. दगडी जिना.

त्या जिन्यात काळ्या कपड्यांतल्या एक आजी बसलेल्या असत. पुरुषोत्तमराव आले की गुडघे आवरून वाट देत.

निघायच्या दिवशी पुरुषोत्तमरावांनी त्यांना हात जोडले. आणि आपण कुणालाही म्हणतो तसं, सवयीनं, चक्क मराठीत म्हणाले, "येतो आजी. तुम्हीही या एकदा आमच्याकडे."

"अहो, कुणाशी बोलताय?" वीणानं खालून विचारलं.

"या आजींशी."

"कुठल्या आजी? मला तर इथे आल्यापासून चिटपाखरू दिसलं नाही."

त्यांनी मागे वळून पाहिलं...

जिना रिकामा होता.

पार्सिपनीला परतल्यावर एका रविवारी, दिवेलागणीला, पुरुषोत्तमराव वाचत बसले होते. वीणा समोरच कपड्यांच्या घड्या घालत होती. तेवढ्यात घरातल्या जिन्यावर आवाज आला.

टक्... टक्...

दगडावर बूट वाजावेत तसा.

त्यांच्या जिन्यावर जाड कार्पेट आहे.

दुसऱ्या दिवशी वीणा जिना चढता चढता मध्येच भिंतीला चिकटली.

"अगं, अशी काय चालतेस?"

"त्यांना जागा नको का..."

बोलली आणि स्वतःच पांढरीफटक पडली.

संध्याकाळी तिनं बॅग भरली. "मी फ्रिस्कोला देवयानीकडे जाते. पाहुणे तुम्ही बोलावलेत, जायलाही तुम्हीच सांगा. त्या गेल्याशिवाय मी या घरात पाऊल ठेवणार नाही."

देवयानी म्हणजे त्यांची मुलगी, तिकडे टेक्सासमध्ये असते.

पुरुषोत्तमरावांना घाम फुटला. जन्मात कधी त्यांनी पाहुण्याला "निघा" म्हटलं नव्हतं. लोक जांभया देत बसायचे, आणि हे वर आणखी कॉफी विचारायचे.

वीणा गेली. घर खायला उठलं.

शेवटी एका संध्याकाळी ते जिन्यासमोर उभे राहिले.

"आजी... चहा घेणार?"

तोंडातून हेच निघालं.

वर सगळं शांत.

मग त्यांनी डोळे मिटून घेतले. "आजी, आता निघा तुम्ही. माझी बायको घर सोडून गेलीय हो."

टक्... टक्...

पावलं खाली आली. अंगाला लागून गार वारा गेला. त्याला समुद्राचा वास होता.

मग काहीच नाही.

त्यांनी लगेच वीणाला फोन लावला. "गेल्या त्या. ये आता."

"एवढी काय घाई?" वीणा हसली. "आम्ही दोघी मजेत आहोत इथे."

पुरुषोत्तमरावांच्या जिवात जीव आला. मायलेकींचं छान चाललंय म्हणायचं.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. देवयानीचा मेसेज. 'बाबा, ऑफिसच्या कामासाठी ऑस्टिनला आलेय. आई घरी एकटीच आहे. प्लीज कॉल हर.'

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

वीणाच्या मागून आवाज येत होता...

टक्... टक्...

कुणीतरी जिना उतरत होतं.

देवयानीचं घर एकमजली आहे.

पुरुषोत्तमराव उद्या फ्रिस्कोला निघालेत. मघाशी फोनवर मला विचारत होते, "या वेळी त्या ऐकतील ना हो?"