नमुना नोंद

उत्कर्षा शिर्केने जन्मात चोरी एकदाच केली, आणि तीही लिंबाच्या फोडीची.

बडोद्याच्या सयाजीगंजात, स्टेशनजवळच्या गल्लीत, सेव-उसळीच्या गाडीवर दुपारची गर्दी होती. जानेवारीचं ऊन पाठीला बरं वाटत होतं. विजेच्या तारांवर उतरायणाचे फाटके पतंग अजून लोंबत होते. बाकड्यावर दोघांच्या ताटल्या खेटून होत्या. तिने न बघता हात घातला, फोड उचलली, आपल्या उसळीवर करकचून पिळली, आणि साल परत ठेवली... शेजारच्याच्या ताटलीत.

"बेन, ए तो आ भाईनुं छे," गाडीवाला म्हणाला.

तिने मान वर केली. शेजारी एक किडकिडीत मुलगा हातात पाव धरून बसला होता. रागावलेला नव्हता. कुणी नारळ-ओटी द्यावी तसा त्या सालीकडे बघत होता.

"सॉरी... मी दुसरी मागते."

"राहू द्या. साल तरी परत केलीत. लोक तेवढंही करत नाहीत."

मराठी ऐकून ती चमकली, आणि टोकदार काहीतरी बोलायचं सोडून हसली. शिर्क्यांच्या घरात परक्यापुढे असं हसायची रीत नव्हती. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते. ते गेले, घोडा गेला, तलवार कुणी मोडीत घातली तेही कळलं नाही. ताठ मान तेवढी घरात उरली. आई राजेश्वरीबाई तिला लहानपणापासून सांगत आलेली, "आपण होऊन कुणाला विचारायचं नाही. शिर्क्यांच्या मुलीला विचारायला लोक येतात."

हे वाक्य लक्षात ठेवा. यानेच पुढे घात केला.

दुसऱ्या दिवशी ती नोकरीच्या मुलाखतीला गेली. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, आणि दार उघडायला तोच.

"लिंबू आणलंत?"

"नोकरी मिळाली तर आणीन. नाहीतर सालीवर भागवा."

नोकरी मिळाली. कंपनीचं नाव ओसरी. मालक मयंकभाईचं म्हणणं असं, की इंग्रजीत लिहिणाऱ्याला जगात पन्नास ठिकाणं आहेत, पण आपल्या माणसाला मराठीत, गुजरातीत चार ओळी लिहून लोकांना दाखवायच्या तर त्याने जावं कुठे? म्हणून त्याने ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर काढलं. बनवलं ते या किडकिड्याने. पीयूष नेहेते, बाप भुसावळहून रेल्वेत बदलून आलेला. नाव द्या, दोन बटणं दाबा, आणि बसा आपल्या ओसरीवर बोलत. पहिल्या दिवाळीला तीनशे माणसं बसली. तिसऱ्या वर्षी नऊ हजार.

नवा ब्लॉग उघडला की त्यात एक नोंद आधीच लिहिलेली असे. कोरं पान बघून माणूस बिचकतो, म्हणून. तिची पहिली ओळ अशी — ही नमुना नोंद आहे. ही पुसून इथे तुमचं लिहा.

उत्कर्षाचं काम फोनवर. दिवसातून चाळीस वेळा तेच. "काका, वर उजवीकडे टोपलीचं चित्र दिसतं? दाबा. गेली ना नमुना नोंद? सारू. आता तुमचं लिहा."

पीयूष पलीकडच्या टेबलावरून ऐकायचा.

"ती नोंद कधी पूर्ण वाचलीस का गं?"

"काय वाचायचं? वरच लिहिलंय, पुसा म्हणून."

"लेखकाला वाईट वाटतं."

"कोण एवढा लेखक लागून गेलाय?"

"आहे एक. लिंबाशिवाय उसळ खातो बिचारा."

ती ओठ दाबून हसायची आणि पुढचा फोन घ्यायची. दर सोमवारी तिच्या टेबलावर एक लिंबू असायचं. ती त्याला पेनाने डोळे काढायची आणि ते त्याच्या कॉम्प्युटरवर बसवायची. शुक्रवारपर्यंत ते वाळायचं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. तो लाजाळू, आणि हिची मान ताठ.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टात विश्वामित्री नदी भरून आली. रस्त्यात गुडघाभर पाणी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोघं अडकले. तिने चपला काढल्या, तर त्याने त्या न विचारता हातात घेतल्या.

"पाण्यात मगर असली तर आधी कुणाला धरेल?" तिने विचारलं.

"तुला. माझ्यात धरण्यासारखं काय आहे?"

"मग तू काय करशील?"

"चपला घरी पोचवीन."

ती हसली. मग तो हसायचा थांबला. पावसाचं पाणी त्याच्या भुवईवरून खाली येत होतं, आणि चपला त्याने पुस्तकासारख्या छातीशी धरल्या होत्या.

"उत्कर्षा... मला एक..."

"काय?"

"...पुढच्या महिन्यात नवीन आवृत्ती येतेय."

देवाने तोंड दिलंय ते काय नुसतं उसळ खायला? पण तोंड तिलाही होतं. तिने ते उघडलं नाही. शिर्क्यांच्या मुलीला विचारायला लोक येतात.

सप्टेंबरात त्याचा निरोप तिच्या कॉम्प्युटरवर आला. नव्या आवृत्तीतलं मराठी ती तपासायची, म्हणून. "नमुना नोंद नवीन लिहिली आहे. सगळी वाच, शेवटपर्यंत. ठेवायची का काढायची, तू सांगशील तसं."

त्या दिवशी तिला सकाळपासून एकसष्ट फोन आले होते. त्यातले पन्नास नमुना नोंद कशी पुसायची म्हणून. घसा बसला होता. तिने नोंद उघडलीसुद्धा नाही. उत्तर लिहिलं, "काढून टाका. कुणालाच नको असते."

संध्याकाळी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हात खिशात.

"वाचून लिहिलंस ना?"

आता खरं सांगायला हवं होतं. पण काम न करताच शेरा मारला असं शिर्क्यांच्या मुलीला कुणी म्हणू नये.

"हो मग. डोळे मिटून लिहिते का मी?"

"शेवटपर्यंत?"

"अरे हो, शेवटपर्यंत."

"बरं," तो म्हणाला. "काढतो."

पुढच्या सोमवारी टेबलावर लिंबू नव्हतं. फेब्रुवारीत तो नोकरी सोडून पुण्याला गेला. वर्षाने लग्नपत्रिका आली. सगळं ऑफिस गेलं, तीही गेली. चंदेरी नेसली, ताठ मानेने स्टेजवर चढली, नवरीला म्हणाली, "सांभाळा हं, ताटलीतलं कुणी उचललं तरी बोलत नाही हा." नवरी हसली. पीयूष हसला नाही. खाली येऊन हिने बासुंदीची वाटी संपवली, आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली ती बडोदा येईपर्यंत. तीन वर्षं नुसती मस्करी केली मेल्याने, असं तिने मनाला सांगितलं, आणि मनाने ते मुकाट ऐकलं.

स्थळं आली. तिने नाकं मुरडली. मग स्थळंही दमली. आई गेली. आणि ओसरीही हळूहळू उतरणीला लागली. लोकांना आता लांब लिहायला नको होतं. फोनवर नातलगांच्या ग्रुपमध्ये फुलांचे फोटो टाकले की सकाळ होत होती. दोन खोल्यांचे दोन मजले झाले होते, ते सोडून कंपनी वासणा भागात एका खोलीत आली. शेवटी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने ती विकत घेतली, आणि यंदा ठरवलं की एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता सगळं बंद.

मयंकभाई, उत्कर्षा आणि एक पंखा, एवढेच उरले होते. एकेका लिहिणाऱ्याला फोन करून त्याचं लिखाण त्याच्या हवाली करायचं. नऊ हजार माणसांना जिने पुसायला शिकवलं, तीच आता म्हणत होती, सांभाळून ठेवा हो, पुन्हा मिळायचं नाही. निम्म्यांनी फोन उचलला नाही. काही वारले होते. काहींना आठवतच नव्हतं की आपण लिहायचो.

एकोणतीस तारखेला तिने गोरव्याच्या भास्करराव घाटग्यांना फोन लावला. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे.

"बेटा, माझ्या ब्लॉगवर मी लिहिलेली एकही नोंद नाही," ते म्हणाले. "पण पत्रव्यवहार आहे. तेवढा कागदावर काढून देशील?"

तिने त्यांचा ब्लॉग उघडला. एकच नोंद. नमुना नोंद. सवयीने तिचा हात टोपलीकडे गेला आणि थांबला, कारण खाली एकशे बारा प्रतिसाद होते.

मग तिने ती वाचली. पहिल्यांदा. शेवटपर्यंत.

ही नमुना नोंद आहे. ही पुसून इथे तुमचं लिहा. पण पुसण्याआधी एक ऐका. परवा एका मुलीने माझ्या ताटलीतलं लिंबू उचललं आणि पिळून साल परत ठेवली. ती हसली तेव्हा तिच्या हनुवटीला उसळीची तरी लागली होती, आणि ते सांगायचा मला धीर झाला नाही. उद्यापासून ती आमच्याकडे कामाला येते आहे. तुमच्याकडेही सांगायला असं काहीतरी असेलच. लिहा.

उत्कर्षाचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

भास्कररावांना वाटलं होतं, हे कुणीतरी खरंच त्यांना लिहिलेलं पत्र आहे. म्हणून त्यांनी खाली उत्तर दिलं होतं, "मग? पुढे काय झालं?" नमुना नोंदीखालचा प्रतिसाद थेट पीयूषकडे जायचा.

"काका, ही नमुना नोंद आहे. पुसायची असते."

"मी पुसणार नाही. तुम्ही पुढचं सांगा."

आणि त्याने सांगितलं होतं. तीन वर्षं. लिंबाला काढलेले डोळे. तिचा बसलेला घसा. पुराचं पाणी.

"आज तिच्या चपला धरल्या, काका."

"आणि बोललात काय?"

"नवीन आवृत्ती येतेय म्हणालो."

"धन्य आहे तुमची."

मग सप्टेंबर. "काका, तोंडाने जमत नाही, लिहिता येतं. नव्या नमुना नोंदीत शेवटी लिहिलंय — लिंबूवाली, हे तुझ्यासाठी आहे. माझ्याशी लग्न करशील? ही ओळ ठेवायची का काढायची, ते तू सांग. उद्या तिच्याकडे तपासायला जाईल."

दुसऱ्या दिवशी. "काढून टाका म्हणाली. कुणालाच नको असते म्हणाली. वाचलंस का, दोनदा विचारलं. हो म्हणाली."

त्याखाली, चार दिवसांनी. "काका, एकदा समोर उभं राहून विचारू का?"

"नाही. बाईने एकदा नको म्हटलं की पुन्हा दारात जाऊ नये. मानाने दूर व्हा."

"बरं काका."

पुढे फक्त भास्कररावांचं. दर दिवाळीला एक ओळ. शुभेच्छा, कसे आहात? उत्तर नाही.

पंखा फिरत होता. तिला रडू आलं नाही. रडायला निदान दुसऱ्या कुणीतरी आपलं काही वाईट केलेलं असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ॲक्टिव्हावर कागद घेऊन गोरव्याला गेली. म्हाताऱ्याने ते मांडीवर घेतले, चष्मा पुसला, आणि शेवटचं पान काढून तिच्यापुढे धरलं.

"तू त्याच ऑफिसातली ना, बेटा? या मुलाचं काय झालं?"

"लग्न झालं, काका. पुण्याला असतो. मुलगी आहे त्याला."

"सुखी आहे?"

"असेल."

"आणि ती? काढून टाका म्हणणारी? काय बाई असेल... दगड."

"दगडच होती," उत्कर्षा म्हणाली.

भास्कररावांनी पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. समोर जाऊन विचारू का, असं पोरगं म्हणालं. मी नको म्हटलं. अकरा वर्षं झाली, मला रोज वाटतं, तिचं खरंच नाही होतं, की मीच मधे पडून मोडलं? तू तिला ओळखत असशील. खरं सांग."

उत्कर्षाने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. खरं काय ते आता जगात तिला एकटीला ठाऊक होतं. ते सांगितलं असतं तर तिचा जीव जरा हलका झाला असता, आणि या माणसाने उरलेले दिवस त्या एका ओळीवर बोट ठेवून काढले असते.

"ओळखते चांगलं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर सांगितलंत, काका. तिला नकोच होता तो."

"नक्की?"

"नक्की. समोर आला असता तरी नाहीच म्हणाली असती. फार शिष्ट होती."

म्हाताऱ्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई, विचारलं ते," तो म्हणाला.

दुपारी ती वासण्याला परत आली.

"भास्कररावांचं देऊन झालं?" मयंकभाईने विचारलं. "मग काढून टाकतो तो ब्लॉग."

"राहू दे."

"उद्या बाराला सगळंच जाणार आहे, उत्कर्षाबेन."

"तेव्हा जाऊ दे. आत्ता राहू दे."

मयंकभाई चहा सांगायला खाली गेला. तिने खुर्ची पुढे ओढली. एकशे बारा प्रतिसादांच्या खाली रिकामी चौकट होती. पीयूषचा तिथला पत्ता तो गेला त्याच महिन्यात बंद झाला होता, आणि तो बंद करायचा अर्ज तिनेच भरला होता.

तिने लिहिलं, "वाचली. ठेवायची."

बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत एक ओळ आली. ती ओळही पीयूषनेच लिहून ठेवलेली होती, पहिल्या आवृत्तीपासून, सगळ्यांसाठी.

तुमचं म्हणणं लिहिणाऱ्यापर्यंत पोचलं आहे.